विनोदिनीची घंटी

६ मार्च १९३८, रविवार

डॉक्टर सकाळी येऊन गेले. विनोदिनीने आता बाळंत होईपर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. चौथा महिना आहे. याआधीची दोन्ही अशीच अर्ध्यावर गेली, म्हणून या खेपेस न्हाणीघरापर्यंत चालणंसुद्धा बंद.

मार्तंडने कॅम्पातून एका साहेबाच्या लिलावातली लोखंडी खाट आणली आणि मागच्या खोलीत टाकली. खोली शांत आहे, खिडकीतून पेरूचं झाड दिसतं. पण स्वयंपाकघर लांब पडतं. मधे बोळ आहे आणि कोठीची खोली. विनोदिनीचा आवाज मुळात बारीक. शहापूरला माहेरी तिला कुणी मोठ्याने बोलू दिलं नसावं.

ठळकवाडीतलं हे घर मार्तंडने बांधलं, त्याला पाच वर्षं झाली. तो माझा धाकटा भाऊ, इथल्या कोर्टात वकिली करतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझं कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून मी त्याच्याजवळ आहे आणि मुलींच्या शाळेत शिकवते. विनोदिनी येईपर्यंत या घरातल्या डब्यांच्या जागा मी ठरवत असे. आता ती पडून राहणार म्हणजे पुन्हा मीच. याचा मला आनंद झाला असं नाही. पण डबे मी आजच हलवले.

१३ मार्च, रविवार

आज घरात उत्सव असल्यासारखं झालं. मार्तंडने विनोदिनीसाठी विजेची घंटी बसवली, तीही स्वतःच्या हाताने. कोर्टाच्या कामाइतकाच त्याला यंत्रांचा नाद. नवीन घरात विजेचे दिवे आले तेव्हाही कंपनीच्या माणसामागे तो शिडी धरून हिंडत होता.

स्वयंपाकघरातल्या फळीवर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या आहेत. त्यांत नवसागराचं पाणी आणि जस्ताच्या, कोळशाच्या कांड्या. त्यांतून घंटीपुरती वीज निघते. मी घाबरले तर म्हणाला, "आक्का, ही वीज म्हणजे मांजरीचं पिल्लू आहे. जिभेला लावलीस तरी काही होणार नाही." बरण्यांपासून तारा मागच्या खोलीपर्यंत न्यायच्या होत्या. बोळाच्या भिंतीवर दिव्याच्या तारांची लाकडी पट्टी आहेच. तिचं झाकण काढून त्याने घंटीच्या तारा त्याच खाचेत बसवल्या आणि झाकण पुन्हा ठोकून टाकलं. "दुसरी पट्टी मारली की भिंत विद्रूप दिसते," म्हणाला. खरंच, तारा कुठून गेल्या ते कळतसुद्धा नाही.

खाटेच्या कठड्याला दोरीसारखी गुंडाळलेली तार आणि टोकाला पितळेची छोटी वाटी, तिच्यात पांढरं बटण. विनोदिनीने दाबलं आणि स्वयंपाकघरात घंटी अशी कडाडली की मालुबाईच्या हातून परात पडली. मालुबाई कंग्राळीहून रोज कामाला येते, धीट बाई आहे, पण म्हणाली, "आगं बाई गं! माझा जीवच गेलता!" विनोदिनी हसली. तिला असं मोकळं हसताना मी फार दिवसांनी ऐकलं. मार्तंड दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. मी चहा टाकायला निघून गेले.

२७ मार्च, रविवार

निपाणीचे मारुतीराव आले होते. तंबाखूची मोठी वखार आहे त्यांची, मार्तंडचे अशील होते, आता दोस्तच. वखारीत त्यांनी इंजिन बसवलंय, त्यावर घरातलेही दिवे लागतात. घंटी बघून खूश झाले.

"वकीलसाहेब, आमच्या आईला बी असलंच एक करून द्या की. खुब्याचं हाड मोडल्यापासनं पडून हाय. हाका मारून मारून घसा बसतोय तिचा."

मार्तंड लगेच तयार. पुढच्या रविवारी सामान घेऊन जाणार आहे. मारुतीराव विनोदिनीच्या खोलीच्या दारात उभे राहून तिची विचारपूस करून गेले. माणूस भला आहे.

४ एप्रिल, सोमवार

काल मार्तंड निपाणीला जाऊन घंटी बसवून आला. म्हातारीने त्याची दृष्ट काढली म्हणे. येताना आमच्यासाठी गूळ आणि ओल्या हळदीचं लोणचं दिलं.

आज विनोदिनीने एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. म्हणाली, "वन्सं, ते बटण चावतं."

"म्हणजे?"

"धरलं की बोटांना मुंग्या येतात. मनगटापर्यंत. सकाळी नाही येत. दिवे लागले की येतात."

मार्तंड कोर्टातून आल्यावर तिथे गेला. मोजे घातलेले, जाजमावर उभा राहिला, बटण धरलं, दोन-तीनदा दाबलं. घंटी वाजली. "कुठे चावतंय?" तिने दिवा लावायला सांगितलं. लावला. पुन्हा धरलं. काही नाही. मीही जाजमावर उभी राहून धरून बघितलं. बोटांना किंचित गुदगुली झाल्यासारखी वाटली, पण आता मनात तेच भरल्यावर वाटायचंच.

"पिल्लाच्या विजेने मुंग्या येत नाहीत, विनू," मार्तंड हसून म्हणाला. ती हसली नाही.

९ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पहिली दोन गेलेली, त्यात दिवसभर पडून राहायचं, अशा वेळी बायकांना असे भास होतात. संध्याकाळी वाढतात. लक्ष दिलं की आणखी वाढतात. औषधाची पुडी दिली.

मलाही तेच वाटतं. संध्याकाळी आजारी माणसाचं मन कातर होतं. दिवेलागणीला मला स्वतःला किती वर्षं रडू यायचं. मी कुणाला सांगत नसे, एवढाच फरक.

२० एप्रिल, बुधवार

विनोदिनीने बटणाला रेशमी रुमाल गुंडाळला आहे. त्यावरून दाबते. तसं दाबलं की चावत नाही म्हणते. रुमालाला तेलाचे, औषधाचे डाग पडलेत. मी तो काढून धुवायला टाकला आणि तिला सांगितलं, हे लाड मनाने घेतलेत, ते मनानेच सोडले पाहिजेत. माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला असावा. ती मग म्हणाली, "वन्सं, तुम्ही एकदा माझ्यासारखं इथं पडून बघता का? दिवा लावून?"

माझ्याकडे परीक्षेचे पेपर तपासायचे पडले होते. मी तसं सांगितलं.

२३ एप्रिल, शनिवार

मालुबाईनेही सुरुवात केली. परवा मागच्या खोलीची फरशी पुसताना खाटेवरून लोंबणाऱ्या बटणाला तिचा ओला हात लागला आणि झिणझिण्या आल्या म्हणे.

"बाई, त्यात काय तरी हाय. खोटं न्हाय सांगत. खांद्यापत्तुर गेलं. वैनीबाईंवरनं लिंबू उतरून टाकूया."

मी विचारलं, किती वाजता? तर सांज झालती म्हणाली. दोघींचं बोलणं झालेलं असणार. विनोदिनी दिवसभर एकटी, मालुबाई तिच्याशी गप्पा मारते, त्यातून हे एकीचं दुसरीला लागलं. लिंबाची गोष्ट मार्तंडच्या कानावर गेली आणि तो संतापला. त्याच्या घरात उतारे-बितारे चालणार नाहीत. पुन्हा हा विषय काढलास तर काम बंद, असं त्याने मालुबाईला सांगितलं. ती पदर खोचून निघून गेली, पण दुसऱ्या दिवशी आली.

८ मे, रविवार

शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे दुपारी मी विनोदिनीजवळ बसते. आज मूल हललं. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून कुणी कोपराने ढोसल्यासारखं झालं. मी हात लगेच काढून घेतला, मग पुन्हा ठेवला.

"मुलगा झाला तर मार्तंडसारखा नको व्हायला," ती म्हणाली.

"का गं?"

"सगळं त्यांना आधीच ठाऊक असतं."

हे तिने रागाने म्हटलं नाही. आम्ही दोघी हसलो. त्यानंतर कितीतरी वेळ मी तिच्या केसांतला गुंता सोडवत होते. ही पोर मला आवडते असं आज पहिल्यांदा वाटलं. चार वर्षं झाली तिला या घरात येऊन.

२९ मे, रविवार

दिवसा घंटी वाजवते. संध्याकाळी वाजवत नाही. हाका मारते. आधी "वन्सं", मग "मालुबाई", मग नुसतंच "अहो". मार्तंडला याचा फार त्रास होतो. पुढच्या खोलीत अशील बसलेले असतात आणि आतून हाका. त्याला वाटतं, ती मुद्दाम करते. त्याने एवढ्या हौसेने केलेली वस्तू तिने अशी टाकून द्यावी, हे त्याला लागलं आहे. तसं तो बोलत नाही. "शिस्त हवी," एवढंच म्हणतो.

काल त्याने ठरवून टाकलं की संध्याकाळी हाकेला कुणी जायचं नाही, घंटीला जायचं. दोन-चार दिवसांत भीती मोडेल. डॉक्टरांनीही लाड करू नका म्हटलंच आहे. मला जरा कठोर वाटलं. पण शाळेत मुलींची तोतरेपणाची सवय मी अशीच मोडली आहे. मी हो म्हटलं.

३ जून, शुक्रवार

पहिल्या दिवशी ती बराच वेळ हाका मारत राहिली. दुसऱ्या दिवशी कमी. काल एकदा घंटी वाजली, अगदी तुटक. मी धावत गेले. ती तळहात पोटाशी धरून बसली होती, डोळ्यांत पाणी. पण वाजवली! मार्तंडला सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

१४ जून, मंगळवार

पाऊस लागून राहिला आहे. बोळाच्या भिंतीला ओल आली, चुन्याचे पोपडे सुटतात. कपडे वाळत नाहीत. शाळा सुरू झाली. परत येईपर्यंत माझ्या पायांत त्राण उरत नाही.

विनोदिनी आता संध्याकाळी काहीच मागत नाही. तहान लागली तरी सकाळपर्यंत थांबते असं मालुबाई म्हणाली. मार्तंडला वाटतं, सुधारणा आहे. मी दिवे लागण्याआधीच तिच्याजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवते. परवा तिने विचारलं, दिवा न लावता राहिलं तर चालेल का? अंधारात गर्भारशी बाईने कसं राहायचं? मी नाही म्हटलं.

२७ जून, सोमवार

विनोदिनी गेली. काल पहाटे.

लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटणार नाही.

शनिवारची संध्याकाळ. मार्तंड पुढच्या खोलीत अशिलाबरोबर. मालुबाई लवकर गेली होती. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होते. कौलांवर पाऊस असा पडत होता की परातीत भाकरी थापटल्याचाही आवाज येत नव्हता. घंटी माझ्या डोक्यावरच आहे. ती वाजली नाही. एकदा काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. पण पन्हळीतून पाणी पडताना तसाच आवाज येतो.

भाकऱ्या झाल्यावर ताट घेऊन गेले. ती खाटेवर नव्हती. खाट आणि दार यांच्यामध्ये फरशीवर पडली होती. दाराकडे निघाली असावी. लुगडं सगळं भिजलेलं. मला आधी वाटलं, तांब्या लवंडला.

मार्तंड डॉक्टरांना घेऊन आला. मुलगा होता. रडला नाही. तिचं रक्त थांबेना. शुद्धीवर होती मधेमधे. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "वन्सं, मी हाक मारली होती." तक्रार नव्हती त्यात. मी घरी नसताना कुणी येऊन गेलं तर ती मला सांगायची, तसं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर.

९ जुलै, शनिवार

तिचे तेराही दिवस झाले. शहापूरहून तिचे आईवडील आले आणि गेले. आईने विनोदिनीची फणी मागून घेतली.

येणारा प्रत्येकजण विचारतो. घरात माणसं होती ना? मग मार्तंड त्यांना मागच्या खोलीत घेऊन जातो आणि बटण दाखवतो. "घंटी चालू होती. मी त्याच सकाळी तपासली होती. हे बघा." आणि दाबतो. घंटी वाजते. बायका दचकतात. आज त्याने मारुतीरावांनाही असंच दाखवलं. मारुतीराव खाली मान घालून उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं, पण अशा घरात काय बोलणार माणूस! मार्तंडच्या पाठीवर हात ठेवून गेले.

रात्री जेवताना तो म्हणाला, "आक्का, नुसतं एक बटण दाबायचं होतं तिने."

मी त्याला ताक वाढलं.

१७ जुलै, रविवार

माझा उजवा हात अजून दुखतो आहे, अक्षर वाकडं येतंय.

खाट शहापूरच्या दवाखान्याला द्यायची ठरली. आज दुपारपासून मी आणि मालुबाई ती खोली धूत होतो. जाजम काढून बाहेर टाकलं. फरशीवर पाण्याच्या घागरी ओतल्या. खाट सोड्याने घासली. अंधारून आलं म्हणून मालुबाईने दिव्याचा खटका दाबला. कठड्याला गुंडाळलेली घंटीची तार तेवढी सोडायची राहिली होती. मी थकून खाटेच्या ओल्या पट्ट्यांवरच बसले, पाय खाली फरशीवर, पाण्यात. आणि पितळेची वाटी हातात घेतली.

ते मुंग्या येणं नव्हतं. कुणीतरी दंडापासून हात पिळून घेतल्यासारखं झालं. बोटं आपोआप मिटली. मला ओरडायचं होतं आणि आवाज निघेना. सोडायचं होतं, सुटेना. मालुबाईने बघितलं आणि तिने मला हात लावला नाही, धावत जाऊन खटका बंद केला. मी कलंडले.

पुष्कळ वेळाने मी तिला विचारलं, "खटका बंद करायचं कसं सुचलं तुला?"

"वैनीबाईच सांगायच्या की, दिवा मालवला की चावत न्हाय म्हणून." ती फडकं पिळत होती. माझ्याकडे बघत नव्हती. "सांगितलंतं की मी बाई. तवाच."

"हो. सांगितलं होतंस."

मार्तंड घरी नव्हता. आल्यावर मी त्याला हात पोळला असं सांगितलं.

२० जुलै, बुधवार

तीन वेळा बोलायला गेले आणि परत आले. तो खटल्यांची मिसलं वाचत बसलेला असतो. केस पिकले त्याचे, एका महिन्यात. हे सांगितलं तर तो जगेल का? विनोदिनी तर येत नाही परत. तार तोडून टाकावी, खाट देऊन टाकावी, संपलं. मालुबाई कुणाला बोलणार नाही.

पण निपाणीची म्हातारी डोळ्यांसमोरून जात नाही. तीही अशीच पडून असते. तिकडेही पाऊस आहे. तिचं घर मी पाहिलेलं नाही, पण मागची खोली तेवढी मला दिसते, ओल्या भिंतीची.

२३ जुलै, शनिवार

आज सांगितलं. उजेडी, सकाळीच.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शक्य नाही." वकील बोलतो तसं नाही, लहान मूल बोलतं तसं. उठला, मुख्य खटका बंद केला, शिडी लावली आणि बोळातल्या लाकडी पट्टीचं झाकण पटाशीने उचकटायला लागला. मी खाली शिडी धरून उभी होते.

ओल आतपर्यंत गेली होती. घंटीच्या तारेवरचं मेण लावलेलं सूत काळं पडून कुजलं होतं. मागच्या खोलीच्या दारावर एका ठिकाणी तो थांबला.

"काय आहे?"

"खिळा," तो म्हणाला. "झाकण ठोकताना मी मारलेला. दिव्याच्या तारेच्या रबरातून गेलाय आणि घंटीच्या तारेला टेकलाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "ही तार खटक्यापासून दिव्याकडे जाते. खटका दाबला की हिच्यात वीज. दिव्याची वीज, आक्का. ती घंटीच्या तारेवर चढून बटणापर्यंत जात होती."

खाली उतरून त्याने बटणाची पितळी वाटी उघडली. आत तारेचं सूत झिजून तार वाटीला चिकटली होती. वाटी हातात घेऊन तो त्या खाटेवर बसला, जिथे ती बसायची.

"घंटी तरीही वाजत होती," तो म्हणाला. "म्हणून मला वाटलं..."

मी त्याच्या शेजारी बसले नाही. बसायला हवं होतं. दाराशीच उभी राहिले.

मग तो एकदम उठला. "निपाणीलाही मी त्याच खाचेतून तारा नेल्यात. खिळेही तेच." निपाणीची सर्व्हिस मोटार निघून गेली होती. दुसरी मिळते का बघायला तो छत्री न घेता पळाला. मिळाली नाही. मी शाळेतल्या शिपायाच्या हातून तार पाठवायची म्हटलं, तर काय लिहायचं तेच त्याला सुचेना. शेवटी 'घंटीला हात लावू नका' एवढंच लिहून मी पोस्टात देऊन आले.

२४ जुलै, रविवार

पहिल्या मोटारीने निघालो. वंटमुरीच्या घाटात धुकं होतं, मोटार रांगत होती. संकेश्वरपर्यंत मार्तंडचे ओठ हलत होते. तो देवाधर्माचा माणूस नाही.

मारुतीरावांच्या घराच्या अंगणात तंबाखूचा वास भरून राहिला होता. ओसरीवर कुणी रडत नव्हतं, बायका जमलेल्या नव्हत्या, हे आम्ही दोघांनी एकदमच बघितलं. मार्तंडने खांबाला हात टेकला.

मारुतीराव लगबगीने बाहेर आले. "या या वकीलसाहेब. तार आली काल. काय झालं म्हणून आम्हीच घाबरलो."

"आई?" मार्तंडने विचारलं.

"आई बरी हाय की. आत या."

मारुतीरावांच्या आई, गुणाबाई, आतल्या खोलीत उशीला टेकून बसल्या होत्या, तोंडात दात नाहीत, डोळे मात्र तरतरीत. त्यांना आमच्या घरचं कुणी सांगितलेलं नव्हतं. मार्तंडला बघून हात पुढे केला. "ये रं बाळा. बायकू बरी हाय न्हवं तुझी? कितवा लागला?"

मारुतीराव घाईने म्हणाले, "आई, त्यांस्नी बसू तर दे."

मार्तंडची नजर भिंतीवर होती. पट्टीपाशी घंटीची तार तोडलेली. खाटेजवळ बटण नव्हतंच. उशाशी पितळेची झांज होती, भजनातली.

"घंटी?" त्याने विचारलं.

मारुतीराव ओशाळले. "राग मानू नका वकीलसाहेब. तुम्ही एवढ्या प्रेमानं करून दिलीसा. त्या दिशी तुमच्या घरी सांगणार हुतो, पर ती वेळ न्हवती. बसवल्यावर आठ-पंधरा दिसांतच आई म्हणाली, हे मला चावतंय. मग इंजिन बंद केलं नि तोडून टाकलं."

"तुम्ही... तुम्ही हात लावून पाहिलंत का? खरंच चावतं का ते?"

"न्हाय."

"मग कोणाला विचारलंत? कुणी जाणकार?"

मारुतीराव गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले. प्रश्नच त्यांना कळला नसावा.

"विचारायचं काय त्यात? आई म्हणाली की चावतंय म्हणून."

गुणाबाई हसल्या. "लई चावायचं रं ते."

मार्तंडने मान डोलावली. मग इंजिन बंद ठेवायला सांगून त्याने शिडी मागितली, पट्टी उघडली आणि उरलेली तार तसूतसूने ओढून काढली. तिथेही एक खिळा तसाच गेलेला निघाला. गुणाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याने घास कसे गिळले ते मी बघितलं नाही, माझं मलाच जड झालं होतं. निघताना गुणाबाईंनी माझ्या ओटीत नव्हे, हातात एक झबलं दिलं, जुन्या मऊ लुगड्याचं, त्यांनी पडल्या पडल्या शिवलेलं. मी ते घेतलं. नाही कसं म्हणायचं?

परतीच्या मोटारीत आम्ही मागे बसलो. पावसामुळे पडदे सोडले होते, आत अंधार आणि ओल्या घोंगड्यांचा वास. वंटमुरीच्या उतारावर मार्तंड माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, त्या संध्याकाळी तिने हाक मारली असेल का गं? तुला काही ऐकू आलं होतं?"

मोटारीचा आवाज फार होता. मी पडद्याच्या फटीतून बाहेर बघत राहिले आणि त्याचा प्रश्न मला ऐकू आला नाही असं दाखवलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.